जनरेटरच्या टाकीला जोडलेली डिझेलची नळी चुकीची पातळी दाखवते तेव्हा काय आणि कोणत्या क्रमाने तपासावे

जुन्या डिझेल जनरेटरच्या टाकीला बाहेरून पारदर्शक नळी जोडून घरीच तयार केलेला डिझेलमापक काही ठरावीक प्रकारेच बिघडतो. त्याची लक्षणे आधी देतो, म्हणजे आपल्याकडचा बिघाड यात बसतो की नाही हे वाचणाऱ्याला लगेच कळेल.

सर्वांत जास्त आढळणारे लक्षण म्हणजे नळीतली पातळी जागची हलतच नाही. इंजिन तीन तास चालले, टाकीतले डिझेल निम्म्यावर आले, तरी नळी सकाळचीच खूण दाखवत राहते. दुसऱ्या प्रकारात इंजिन चालू झाल्यापासून अर्ध्या-पाऊण तासात नळीतली पातळी भराभर उतरते, नळीच्या बुडातून टाकीकडे बुडबुडे जाताना दिसतात आणि टाकीचे झाकण सैल करताच डिझेल पुन्हा वर चढते. तिसऱ्या प्रकारात जनरेटर बंद आहे, टाकी पूर्ण भरलेलीही नाही, तरी दुपारच्या उन्हात नळीच्या वरच्या तोंडातून डिझेल ठिबकते. चौथ्यात नळी हलते खरी, पण काठी बुडवून पाहिले तर एक-दोन बोटांचा फरक कायम राहतो. कधी नळीच्या तळाशी पाण्यासारखा नितळ किंवा दुधट थर आणि त्यावर पिवळसर डिझेल असे दोन रंग दिसतात. आणि शेवटचे लक्षण म्हणजे नळी पिवळी पडून काचेसारखी कडक होणे आणि खालच्या सांध्यापाशी सतत ओल राहणे.

दापोली तालुक्यातल्या हर्णै, आंजर्ले, केळशी या किनारपट्टीवरच्या घरांत, लहान लॉजांत आणि बर्फाच्या कोठ्यांत मी हा बिघाड इतक्यांदा दुरुस्त केला आहे की आता पाने-पकडी काढण्याआधी कोणती लक्षणे दिसली तेवढेच विचारतो. ३ जून २०२० रोजी आलेल्या निसर्ग चक्रीवादळानंतर दापोली-मंडणगड भागातल्या अनेक गावांत वीज परत यायला आठवडे लागले. पडवीच्या कोपऱ्यात वर्षानुवर्षे पडून असलेली एका सिलिंडरची जुनी इंजिने त्या वेळी पुन्हा कामाला लागली. बहुतेकांच्या टाक्यांना मापक नव्हता, किंवा होता तो गंजून गेला होता, म्हणून लोकांनी मिळेल ती नळी जोडली. त्यातल्या बऱ्याच नळ्या आजही तशाच आहेत आणि दर आगोटीला, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीच्या दिवसांत, जनरेटर झाडूनपुसून तयार करताना त्यांचे दोष उघडे पडतात.

मापकाचा अंदाज चुकला तर डिझेल अवेळी संपते, एवढेच नुकसान नाही. टाकी कोरडी झाली की डिझेल इंजिनाच्या वाहिनीत हवा शिरते, ज्याला मेकॅनिक ‘एअर पकडली’ म्हणतात. मग नुसते डिझेल ओतून इंजिन सुरू होत नाही. फिल्टरवरचा आणि पंपावरचा स्क्रू सैल करून हवा बाहेर काढावी लागते, आणि रात्री अकरा वाजता, भर पावसात, बॅटरीच्या उजेडात हे काम करण्याची वेळ ज्याच्यावर एकदा आली आहे तो नळीकडे दुर्लक्ष करत नाही.

नळी नेमके काय दाखवते

गवंडी पाया सारखा करताना पाणसळ वापरतो. लांब पारदर्शक नळीत पाणी भरून तिची दोन टोके दोन कोपऱ्यांत धरली की दोन्हीकडचे पाणी एकाच उंचीवर उभे राहते. डिझेलची नळी म्हणजे हीच पाणसळ, फक्त तिच्या एका टोकाच्या जागी टाकी आहे. मात्र पाणसळ बरोबर यायला तीन अटी लागतात आणि कोणताही गवंडी त्या सांगेल. दोन्ही टोके हवेला उघडी हवीत, नळीत मध्ये बुडबुडा नको आणि नळीत सर्वत्र एकच द्रव हवा. मी पाहिलेल्या चुकीच्या मापकांपैकी बहुतेक या तीनपैकी एखादी अट मोडल्याने चुकत होते. नळी फुटलेली किंवा कॉक खराब झालेला असे क्वचितच निघाले. म्हणून पुढचा क्रम हवेपासून सुरू होतो आणि पाना-हातोडी शेवटी येते.

काहीही तपासण्याआधी इंजिन बंद करून अर्धा तास थंड होऊ द्यावे. डिझेल पेट्रोलसारखे चटकन पेटत नाही हे खरे, पण भारतीय मानकानुसार वाहनांच्या डिझेलचा ज्वलनांक, म्हणजे ज्या तापमानाला त्याची वाफ ठिणगीने पेटू शकते तो अंक, किमान ३५ अंश सेल्सिअस एवढाच असावा लागतो, आणि मे महिन्यात पत्र्याखालच्या खोलीत, तापलेल्या इंजिनाशेजारी, हे तापमान सहज ओलांडले जाते. विडी, काडेपेटी आणि कंदील बाहेर ठेवावेत आणि उजेडासाठी विजेरी वापरावी. जनरेटर पेट्रोलवर किंवा पेट्रोल-रॉकेलवर चालणारा असेल तर त्याला बाहेरची पारदर्शक नळी मुळीच लावू नये; लावलेली असल्यास तपासत न बसता काढून टाकावी आणि टाकीचे ते तोंड नीट बंद करून घ्यावे. पेट्रोलच्या टाकीला इंजिन थंड असताना काठी बुडवून पाहणे एवढेच माप पुरे.

पहिली तपासणी : काठी आणि कॉक

याला एक पैसाही लागत नाही. टाकीच्या तोंडातून तळापर्यंत पोहोचेल अशी कोरडी, स्वच्छ, सरळ लाकडी पट्टी किंवा पितळी सळई घ्यावी, तिच्यावर खडू घासावा आणि ती उभी, तळाला टेकेपर्यंत बुडवून बाहेर काढावी. खडूचा ओला भाग कुठपर्यंत आला ते स्पष्ट दिसते. नळी आणि काठी यांच्यात वाद असेल तर काठीचेच खरे मानायचे, कारण तिच्यात हवा अडत नाही आणि तिला कॉकही नसतो. ही काठी जनरेटरशेजारी कायमची टांगून ठेवावी.

त्यानंतर नळीच्या बुडाचा कॉक उघडा आहे का ते पाहावे. हे लिहायला मला संकोच वाटतो, पण ‘पातळी हलत नाही’ अशा निरोपावरून मी दोनदा होडीने खाडी ओलांडून गेलो आणि दोन्ही वेळा फक्त कॉक फिरवून परत आलो. कॉक बंद ठेवण्याची सवय मात्र चुकीची नाही, उलट तीच योग्य आहे. नळी उंदराने कुरतडली किंवा उष्णतेने वितळली, तर उघड्या कॉकमधून सगळी टाकी गरम इंजिनावर रिकामी होते. कॉक पातळी पाहण्यापुरता उघडावा, पातळी स्थिर होईपर्यंत थांबावे आणि पुन्हा बंद करावा. बोट काढताच आपोआप मिटणारा दाबाचा कॉक मिळाला तर तो सर्वांत चांगला.

दुसरी तपासणी : नळीचे वरचे टोक

कॉक उघडा असूनही पातळी हलत नसेल तर नळीचे वरचे टोक पाहावे. एका शेजारच्या काकांनी गणपतीच्या आधी नळीत कचरा आणि झुरळे जाऊ नयेत म्हणून तिच्या तोंडात मेणाचा बोळा घट्ट बसवला होता. नळी अर्धी टाकी दाखवत होती. आरतीच्या मध्यात दिवे गेले, जनरेटर सुरू झाला आणि वीस मिनिटांत बंद पडला. टाकीत तळाशी ओलावा तेवढा उरला होता. काकांनी मनापासून काळजी घेतली होती आणि त्याच काळजीने मापक निकामी केला होता.

याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. वरचे तोंड बंद असेल तर नळीतल्या डिझेलला खाली यायला त्याच्या वरची कोंडलेली हवा ताणली जावी लागते, आणि बाहेरच्या हवेचा दाब त्याला खालून धरून ठेवतो. हा दाब सुमारे दहा मीटर पाण्याचा किंवा बारा मीटरांहून जास्त डिझेलचा स्तंभ तोलू शकतो. आपली टाकी हातभर उंचही नसते. वर पाच सेंटिमीटर हवा कोंडलेली असताना टाकीतले डिझेल वीस सेंटिमीटर उतरले, तर नळीतले डिझेल एक मिलिमीटरसुद्धा खाली येत नाही. म्हणजे बंद तोंडाची नळी थोडी चुकत नाही, ती भरतानाची पातळी धरून बसते.

बोळा, टेप, दुमडून बांधलेली तार यांपैकी काही असल्यास काढावे. काहीच दिसत नसेल तरी तोंडात बारीक तार घालून पाहावी, कारण आपल्याकडे कुंभारमाशी अशा भोकांत मातीचे घर करते आणि ते बाहेरून नळीच्या रंगाचेच दिसते. कचऱ्याची भीती असेल तर नळी टाकीच्या माथ्यापेक्षा वीतभर वर नेऊन छत्रीच्या मुठीसारखी खाली वळवावी आणि तोंडाला बारीक जाळी बांधावी. कापूस किंवा फडके बांधू नये. पावसाळ्याच्या दमट हवेत ते ओले राहते आणि हवा अडवते.

तिसरी तपासणी : टाकीच्या झाकणातले भोक

इंजिन चालू असताना पातळी भराभर उतरत असेल, किंवा उन्हात वरून डिझेल ठिबकत असेल, तर दोन्हींचे कारण बहुधा एकच असते. टाकीच्या झाकणातले श्वासाचे भोक बुजलेले असते. इंजिन डिझेल ओढते, त्याच्या जागी हवा यायला वाट नसते, टाकीत ओढ निर्माण होते आणि नळीच्या उघड्या तोंडावरची बाहेरची हवा नळीतले डिझेल टाकीत ढकलते. नळी त्यामुळे खऱ्यापेक्षा कमी दाखवते आणि शेवटी टाकी नळीतूनच श्वास घेऊ लागते. बुडबुडे दिसतात ते हेच. उलट, इंजिन बंद असताना टाकी उन्हात तापली की आतली हवा फुगते आणि डिझेल नळीतून वर चढून बाहेर सांडते.

झाकण सैल करताच ‘फुस्स’ असा आवाज येऊन पातळी बदलली तर निदान पक्के झाले. झाकण काढून, टाकीपासून दूर नेऊन, भोक तारेने मोकळे करावे. किनाऱ्यावर हे भोक गंजाने, मिठाच्या खरपुडीने किंवा पुन्हा त्या कुंभारमाशीनेच बुजते. काही झाकणांत आत रबरी वॉशर असतो आणि तो फुगून भोकावर बसतो. तसा असेल तर वॉशर बदलावा. झाकण हरवले म्हणून डब्याचे झाकण किंवा प्लास्टिकची पिशवी दोरीने बांधलेली मी अनेक टाक्यांवर पाहिली आहे. पाऊस आत जाऊ नये हा हेतू बरोबर आहे, पण श्वास कोंडलेल्या टाकीमुळे इंजिन अर्ध्या तासाने गचके खात बंद पडते आणि दोष फिल्टरला दिला जातो. नवे फिल्टर बसवताना झाकण उघडले जाते, इंजिन सुरळीत चालते आणि फिल्टरच खराब होते असे सर्वांना वाटते.

थोडे काम करायची तयारी असेल तर या दोषावर कायमचा उपाय आहे. झाकण टाकीवरून काढून बाहेर नेता येते, त्यामुळे त्याला भोक पाडण्यात धोका नाही. त्यात एक निप्पल, म्हणजे नळी खोचायचे छोटे तोंड, बसवून नळीचे वरचे टोक तिथेच जोडावे. नळीच्या वर आणि टाकीच्या आत मग हवेचा दाब नेहमी सारखाच राहतो आणि उन्हात डिझेल सांडतही नाही. श्वासाचे भोक मात्र वेगळे, मोकळेच ठेवावे लागते. मापकाने बरोबर दाखवले तरी इंजिनाला डिझेल मिळायला हवे.

चौथी तपासणी : बुडबुडा आणि नळीचा पोक

नळी खऱ्यापेक्षा जास्त दाखवत असेल तर ती बुडापासून माथ्यापर्यंत विजेरी धरून पाहावी. नळीच्या पोटात पूर्ण रुंदीचा बुडबुडा अडकला असेल तर पातळी साधारण त्या बुडबुड्याच्या लांबीइतकी वर दिसते. बारीक पोटाच्या नळीत बुडबुडे सहज अडकतात. मोठ्या पोटाच्या नळीत ते आपसूक वर निघून जातात. कॉकपासून निघालेली नळी आधी वर, मग खाली आणि पुन्हा वर अशी गेली असेल, तर त्या पोकात हवा कायमची बसते. नळी कॉकपासून सरळ वरच गेली पाहिजे. टिचकी मारून बुडबुडा निघतो, पण पोक तसाच राहिला तर तो पुन्हा येतो.

पाचवी तपासणी : चौथरा आणि खुणा

जांभ्याच्या चिऱ्यांवर ठेवलेला जनरेटर पावसाळ्यात एका बाजूला खचतो. इंजिनाच्या हादऱ्याने खालची ओली माती दबते आणि हे डोळ्यांना कळत नाही. पन्नास सेंटिमीटर लांबीच्या टाकीचे एक टोक दोन सेंटिमीटर खाली गेले, तर त्या टोकाला लावलेली नळी एक सेंटिमीटर जास्त दाखवते. टाकीवर साधा लेव्हल ठेवून पाहावा आणि पाचर घालून चौथरा सारखा करावा.

खुणांबद्दल थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण नळी बरोबर असून पट्टी चुकलेली असणे हा प्रकार फार आहे. चौकोनी टाकीचे गणित सोपे असते. माझी टाकी आतून ५० सेंटिमीटर लांब आणि २५ सेंटिमीटर रुंद आहे, म्हणजे एक सेंटिमीटर उंचीला सव्वा लिटर. माझा ५ केव्हीएचा जनरेटर नेहमीच्या भारावर तासाला साधारण तेवढेच डिझेल घेतो, त्यामुळे माझ्या पट्टीवर लिटर लिहिलेलेच नाहीत, तास लिहिलेले आहेत. घरातल्या कुणालाही ‘अजून चार तास’ हे वाचता येते.

आडव्या पिंपाची टाकी केली असेल तर मात्र समान अंतरावरच्या खुणा साफ फसवतात. आडव्या गोल टाकीत पातळी निम्म्या उंचीवर असली की डिझेल निम्मे असते, हे खरे आहे. पण पातळी पाव उंचीवर आली की डिझेल पाव उरत नाही, शेकडा साडेएकोणीसच उरते, आणि एक दशांश उंचीवर शेकडा पाचच. २०० लिटरच्या आडव्या पिंपात पट्टीवर ‘२० लिटर’ लिहिलेल्या जागी प्रत्यक्षात जेमतेम दहा लिटर असतात, आणि त्यातलेही तळाचे इंजिनापर्यंत पोहोचत नाहीत. म्हणून सूत्रापेक्षा मापाने खुणा कराव्यात. टाकी रिकामी असताना मापाच्या कॅनने दोन-दोन किंवा पाच-पाच लिटर ओतत जावे, दरवेळी पातळी स्थिर झाली की खूण करावी आणि इंजिन जिथून डिझेल घेते त्या तोंडाच्या उंचीवर लाल रंगाने ‘रिकामी’ असे लिहावे. शाईची खूण डिझेलने पुसली जाते. पत्र्याच्या पट्टीवर खिळ्याने कोरलेली खूण टिकते.

पातळी नेहमी इंजिन बंद असतानाच वाचावी. एका सिलिंडरच्या इंजिनाच्या हादऱ्यात ती बोटभर नाचते.

सहावी तपासणी : पाणी आणि गाळ

इथून हात डिझेलने माखतात, म्हणून ही तपासणी पाचांच्या नंतर. कोकणात मात्र हिच्याशिवाय वर्ष जात नाही. अर्धवट भरलेल्या टाकीतली दमट हवा रात्री गार होते, टाकीच्या पत्र्यावर दव धरते आणि ते थेंब तळाशी साचतात, कारण पाणी डिझेलपेक्षा जड आहे. झाकणातून येणाऱ्या पागोळ्यांचे पाणी वेगळेच. पाणी आणि डिझेल जिथे एकमेकांना टेकतात तिथे सूक्ष्म जीव वाढतात आणि त्यांचा काळपट, बुळबुळीत गाळ कॉकचे तोंड बंद करतो.

घरगुती मापकांत नळी बहुतेक वेळा टाकीच्या तळाच्या ड्रेन प्लगलाच, म्हणजे टाकी रिकामी करायच्या बुचाच्या तोंडालाच, जोडलेली असते, कारण तिथे नवीन भोक पाडावे लागत नाही. तळाचे पाणी मग आधी नळीत शिरते. डिझेलची घनता पाण्याच्या सुमारे ०.८३ पट असते. कॉकच्या वर टाकीत वीस सेंटिमीटर डिझेल असेल आणि नळीत दहा सेंटिमीटर पाणी साचले असेल, तर नळीतली पातळी अठरा सेंटिमीटरांवरच थांबते. माझ्या टाकीत ही दोन सेंटिमीटरांची चूक म्हणजे अडीच लिटर. या चुकीपेक्षा तिचे कारण जास्त गंभीर आहे, कारण तेच पाणी पुढे फिल्टरमधून इंजेक्शन पंपात गेले तर पंप गंजतो.

इंजिन किमान रात्रभर बंद ठेवून सकाळी, कुणी हलवण्याआधी, ड्रेनमधून अर्धा लिटर डिझेल स्वच्छ काचेच्या बाटलीत काढावे आणि तासभर तसेच ठेवावे. तळाशी वेगळा थर दिसला तर पाणी आहे. पेट्रोल पंपावर टाकीतले पाणी पाहण्यासाठी काठीला लावतात ती रंग बदलणारी पेस्ट मिळाली तर काठीच्या टोकाला लावूनही पाहता येते. नितळ डिझेल येईपर्यंत पाणी काढावे. काढलेले मिश्रण गटारात किंवा आगरात ओतू नये, कारण विहीर फार लांब नसते. ते डब्यात भरून गॅरेजच्या जळक्या तेलात द्यावे.

पाणी दरवर्षी येतच असेल तर जोडणीत बदल करावा. ड्रेनच्या जागी खाली तोंड करून एक टी, म्हणजे तीन तोंडांचा जोड, बसवावी, तिच्या आडव्या फाट्यातून मापकाची नळी घ्यावी आणि खालच्या फाट्याला वीतभर पाइप लावून त्याच्या शेवटी दुसरा कॉक बसवावा. पाणी आणि गाळ त्या खालच्या पाइपात बसतात, महिन्यातून एकदा काढून टाकता येतात आणि नळीत बहुतेक डिझेलच राहते. आट्यांवर टेफ्लॉन टेप लावायचा असेल तर पहिल्या दोन आट्या मोकळ्या सोडाव्यात, नाहीतर टेपचे तंतू सुटून फिल्टरपर्यंत जातात. जस्ताचा मुलामा दिलेले पाण्याचे फिटिंग डिझेलला वापरू नये. जस्ताची डिझेलमधल्या आम्लांशी क्रिया होऊन चिकट पदार्थ तयार होतो आणि तो पुन्हा त्याच बारीक तोंडात अडकतो.

सातवी तपासणी : नळी बदलणे

गवंड्याची पाणसळीची नळी स्वस्त आणि प्रत्येक हार्डवेअरच्या दुकानात मिळणारी, म्हणून बहुतेकांनी तीच लावलेली असते. ती साध्या पीव्हीसीची असते. तिला मऊ ठेवणारा घटक डिझेल हळूहळू ओढून घेते, नळी आकसते, कडक होते, निप्पलवर ढिली पडते आणि एखाद्या दिवशी हादऱ्याने निसटते. नळी वाकवल्यावर पांढरी रेघ उमटली किंवा चिरेचा आवाज आला तर ती त्याच दिवशी बदलावी. नायलॉनची नळी अर्धपारदर्शक असली तरी मागून विजेरी धरल्यावर पातळी स्पष्ट दिसते, आणि अनेक वाहनांत डिझेलसाठी नायलॉनच्याच नळ्या वापरल्या जातात. तीही कायमची नसते, दोन-तीन पावसाळ्यांनी बदलावीच. दोन्ही टोकांना स्टेनलेस स्टीलची क्लिप लावावी. साधी क्लिप खाऱ्या हवेत एका वर्षात गळून पडते. नळीला उंदरांपासून आणि धक्क्यापासून वाचवायला पुढून चीर ठेवलेला लोखंडी पन्हळ बसवावा. नळी सायलेन्सरच्या बाजूला असेल तर तिची जागाच बदलावी.

नळीऐवजी फ्लोट असेल तर

काहींनी ट्रॅक्टरचा किंवा जुन्या गाडीचा फ्लोट, म्हणजे डिझेलवर तरंगून वर-खाली होणारा मापक, टाकीत बसवून १२ व्होल्टचा मीटर जोडलेला असतो. त्यात क्रम थोडा बदलतो. आधी अर्थची तार पाहावी, कारण खाऱ्या हवेत तिच्या टोकाला हिरवट-पांढरी बुरशी धरते आणि काटा एका टोकाला चिकटून राहतो. ते टोक घासून, घट्ट करून, त्यावर ग्रीस लावले की निम्मे मीटर सुधारतात. नंतर फ्लोटचा प्लग काढून मल्टिमीटरने रोध मोजावा. काही फ्लोट रिकाम्या टाकीला २४० आणि भरलेल्या टाकीला ३३ ओहम देतात, काही उलट रिकाम्याला १० आणि भरलेल्याला १८० ओहम. एका जातीचा फ्लोट आणि दुसऱ्या जातीचा मीटर जोडला की भरलेली टाकी रिकामी दिसते आणि त्यात बिघाड काहीच नसतो, जोडीच चुकलेली असते. डिझेल कमी-जास्त झाले तरी रोध बदलत नसेल तर फ्लोट फुटून बुडाला आहे किंवा आतली पट्टी झिजली आहे. तार टाकीच्या पत्र्याला टेकवून मीटरचा काटा हलतो का पाहण्याची जुनी पद्धत उघड्या टाकीजवळ कधीही वापरू नये. मीटरच्या तारेत एक ॲम्पिअरचा फ्यूज असावाच.

कुठे थांबावे

टाकीच्या पत्र्यातूनच डिझेल पाझरत असेल तर घरचे काम तिथे संपते. रात्र निभावण्यापुरता लोक फटीवर साबण घासतात आणि तो काही तास धरतोही, पण टाकी वेल्डिंगला नेण्याआधी हे लक्षात ठेवावे की रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा जास्त धोक्याची असते. आत राहिलेली वाफ आणि हवा यांचे मिश्रण ठिणगीने फुटते आणि एकदा पाण्याने धुतल्याने ती वाफ जात नाही. टाकी वाफेने साफ करून किंवा जोडापर्यंत पाण्याने भरून वेल्डिंग करण्याची सवय असलेल्या कारागिराकडेच ती द्यावी, आणि ‘आधी यात डिझेल होते’ हे त्याला तोंडाने सांगावे. टाकीच्या बाजूला नवे भोक पाडण्याचे कामही त्याच्याकडेच. जागेवर ड्रिल लावू नये.

काठी आणि नळी दोन्ही जुळतात, झाकण मोकळे आहे, डिझेल नितळ आहे, तरीही इंजिन गचके खात असेल, तर दोष मापकात नाही. फीड पंप, फिल्टर किंवा इंजेक्टरकडे पाहावे लागेल आणि ते डिझेल पंपाच्या मेकॅनिकचे काम आहे. बाटलीत पाणी दिसल्यानंतर इंजिन सुरू होत नसेल तर हँडल मारत राहू नये, कारण प्रत्येक फेऱ्यात ते पाणी पंपात आणखी आत जाते. मेकॅनिकला बोलावताना तळाचे डिझेल काढलेली ती बाटली टाकून न देता तशीच जपून ठेवावी. पंप उघडायचा की नुसती टाकी आणि फिल्टर धुऊन भागेल, हे तो ती पाहून ठरवू शकतो.